डॅनिश ‘टिंग’ : सभा, खटला आणि वस्तू

डॅनिश भाषेत ‘टिंग’ हा शब्द दोन प्रकारे चालतो. तो सामान्यलिंगी घेऊन ‘एन टिंग’ असे म्हटले, की त्याचा अर्थ ‘एखादी वस्तू, एखादी बाब’ असा होतो; तोच नपुंसकलिंगी घेऊन ‘एट टिंग’ असे म्हटले, की ‘सभा’, आणि तीही कायदा करणारी किंवा न्यायनिवाडा करणारी सभा, असा होतो. (जुने पुल्लिंग व स्त्रीलिंग एकरूप होऊन डॅनिशमध्ये आज सामान्यलिंग व नपुंसकलिंग अशी दोनच लिंगे उरली आहेत.) निश्चितार्थी रूपांत हा भेद शब्दाच्या शेवटच्या वर्णावर येऊन ठेपतो : ‘टिंगेन’ म्हणजे ती वस्तू, ‘टिंगेट’ म्हणजे ती सभा. कोशकार या दोहोंची नोंद स्वतंत्र शब्द म्हणून करतात, आणि वर्णनात्मक दृष्टीने ते योग्यच आहे. घरातल्या मोडक्या वस्तूला ‘टिंग’ म्हणणाऱ्या माणसाला आपल्या देशाच्या लोकसभेचे नाव ‘फोल्केटिंग’ आहे, याची त्या क्षणी आठवण होण्याचे काही कारण नाही.

इतिहासदृष्ट्या मात्र हा एकच शब्द आहे. सभेचे नाव वस्तूंना कसे मिळाले, या प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, सभेत ज्याची चर्चा होते ती बाब, आणि बाब म्हणजेच वस्तू. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते फार घाईचे आहे. सभा आणि वस्तू यांच्यामध्ये एक तिसरा अर्थ उभा होता आणि तो म्हणजे खटला, दोन पक्षांमधील वाद. आजच्या डॅनिशमधील दोन्ही शब्द त्याला विसरले आहेत. ‘टिंग’चा इतिहास नीट समजून घ्यावयाचा, तर हा विसरलेला मधला अर्थ हाती लागला पाहिजे.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. ओल्ड नॉर्स, ओल्ड इंग्लिश व ओल्ड सॅक्सन या तिन्ही भाषांत हा शब्द ‘थिंग’ असा, नपुंसकलिंगी, आढळतो. ओल्ड हाय जर्मनमध्ये तो ‘डिंग’ होतो. आरंभीचा घर्षक ‘थ’ इंग्रजीने व आइसलँडिकने राखला. डॅनिशमध्ये मध्ययुगात तो दोन वाटांनी गेला. आघातयुक्त शब्दांत त्याचा ‘ट’ झाला, म्हणून ‘टिंग’. सर्वनामांसारख्या आघातहीन शब्दांत त्याचा ‘ड’ झाला, म्हणून ‘तू’ या अर्थी ‘डू’. यात विशेष गुंतागुंत नाही. गुंतागुंत आहे ती शब्दाच्या अंत्य व्यंजनाची. आणि तिचा उलगडा एका डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने, संस्कृतच्या साहाय्याने, केला.

चौथ्या शतकातील बायबलच्या भाषांतरामुळे ज्ञात असलेल्या गॉथिक भाषेत ‘थीह्स’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ सभा नव्हे, वस्तूही नव्हे; त्याचा अर्थ ‘काळ, वेळ’ असा आहे. ‘थिंग’ आणि ‘थीह्स’ यांचा संबंध असावा असे वाटले, तरी एकात ‘ग’ आणि दुसऱ्यात ‘ह’ का, हे सांगितल्याशिवाय तो सिद्ध होत नाही. रासमुस रास्क याने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जर्मॅनिक व्यंजनांची ग्रीक-लॅटिन व्यंजनांशी असलेली नियमित संगती दाखवली होती. पुढे याकोब ग्रिमने तिची सुव्यवस्थित मांडणी केली. (हाच रास्क १८२० मध्ये मुंबईस आला होता आणि पारशी मंडळींकडून मिळालेली अवेस्ता व पहलवी हस्तलिखिते त्याने कोपनहेगनला नेली. युरोपातील इराणी भाषाभ्यासाला त्या हस्तलिखितांचा मोठा आधार झाला.) या संगतीनुसार मूळ ‘क’चा जर्मॅनिकमध्ये ‘ह’ व्हावयास हवा, ‘थीह्स’मध्ये तो आहे. मग ‘थिंग’मध्ये ‘ग’ कोठून आला?

अशा अपवादांचा ढीग अभ्यासकांना पन्नासहून अधिक वर्षे सतावीत होता. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात कार्ल व्हेर्नर या डॅनिश विद्वानाने त्यांचे कारण दाखवून दिले. संस्कृत ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ या दोन्ही शब्दांत ‘त’ आहे. गॉथिकमध्ये मात्र पहिल्यात अघोष ‘थ’ आणि दुसऱ्यात घोष ‘द’ दिसतो. वैदिक स्वर पाहिला की कोडे सुटते : ‘भ्रातृ’मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, म्हणजे त्या व्यंजनाच्या लगेच आधी आहे, ‘पितृ’मध्ये तो नंतरच्या अक्षरावर आहे. उदात्त लगेच आधी असेल तर व्यंजन अघोष राहते, नसेल तर घोष होते. जर्मॅनिक भाषांतून हा जुना स्वर केव्हाच लुप्त झाला होता. त्याची साक्ष द्यावयास ऋग्वेदपाठाची परंपरा उपयोगी पडली. ‘थीह्स’ आणि ‘थिंग’ ही या नियमानुसार एकाच धातूची, स्वरभेदाने वेगळी झालेली रूपे ठरतात. तेव्हा ‘टिंग’चा सर्वांत जुना अर्थ ‘नेमलेली वेळ’ असा असावा, हे मत आज सामान्यतः स्वीकारले जाते.

वेळेवरून सभा हे अर्थान्तर कोणाला ओढूनताणून आणल्यासारखे वाटेल, तर त्याने शेजारच्या भाषांकडे पाहावे. जर्मन ‘राइख्सटाग’ आणि त्यावरून घडलेला डॅनिश ‘रिग्सडाग’ यांचा शब्दशः अर्थ ‘राज्याचा दिवस’; ‘दिवस’ म्हणजे सभा भरण्याचा दिवस आणि म्हणून सभा. इंग्रजीत विधिमंडळाला ‘डायट’ म्हणतात. त्याच्या या अर्थावर दिवसवाचक लॅटिन ‘दिएस’ची छाया आहे. मराठी माणसाला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ‘आज कोर्टात तारीख आहे’ या वाक्यात ‘तारीख’ म्हणजे सुनावणी. संस्कृतमध्ये हीच वाट उलट दिशेने चालून गेलेली दिसते. ‘सम्’ आणि ‘इ’ (जाणे) यांपासून ‘समिति’ झाला, आणि त्यांच्यापासूनच ‘समय’ झाला. ‘समय’ म्हणजे मुळात एकत्र येणे. मग करार, संकेत. मग संकेताची वेळ. आणि शेवटी नुसती वेळ. एकत्र येणे आणि वेळ ठरवणे या एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. जेथे पंचांग छापून घरोघर टांगलेले नाही, तेथे अमुक चंद्राच्या अमुक दिवशी सर्वांनी एका जागी जमावयाचे, हा ठराव हीच सभेची पहिली घटना होय.

टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘गेर्मानिया’त जर्मॅनिक टोळ्यांच्या सभांचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सभा ठरलेल्या दिवशी, अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरे. लोक कालगणना दिवसांनी नव्हे, रात्रींनी करीत. आपल्या स्वातंत्र्याचा अभिमान असल्यामुळे ते बोलावल्यासारखे एकदम येत नसत. जमता जमता दोनतीन दिवस वाया जात. ते सशस्त्र बसत. पुरोहित शांततेची आज्ञा देत. प्रस्ताव नापसंत पडला तर कुरकुर करून आणि पसंत पडला तर भाले आपटून मत व्यक्त होई. सभेपुढे आरोप ठेवता येत आणि देहान्ताची शिक्षाही होऊ शके. उशिरा येणाऱ्यांविषयीची टॅसिटसची नाराजी रोमन शिस्तीची आहे. परंतु ‘ठरलेली वेळ’ हा त्या सभेचा प्राण होता, हे त्याच्या नाराजीतूनच स्पष्ट होते.

या सभेला देवही होता. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रिअनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स या ठाण्यात १८८३ मध्ये काही कोरीव वेदी सापडल्या. त्या रोमन सैन्यात चाकरीस असलेल्या, ऱ्हाइनपलीकडून आलेल्या जर्मॅनिक शिपायांनी तिसऱ्या शतकात उभारल्या होत्या. त्यांतील एका लेखात ‘मार्स थिंक्सुस’ या देवाला वंदन आहे. म्हणजे रोमन मार्सशी एकरूप मानलेला, सभेचा अधिपती असलेला देव. ‘थिंग’ या शब्दाचा हा अतिप्राचीन लेखी पुरावा होय, आणि तो देवाच्या विशेषणात दडलेला आहे. मार्सच्या वाराला, म्हणजे मंगळवाराला, डेन्मार्कात ‘टिर्सडाग’ म्हणतात, त्यात देवाचे ‘टीर’ हे मूळ नाव आहे; जर्मन ‘डीन्सटाग’मध्ये मात्र त्याच देवाचे सभावाचक विशेषण उरले आहे.

प्रत्यक्ष डेन्मार्कात ‘टिंग’ची व्यवस्था स्पष्ट दिसू लागते ती बाराव्या-तेराव्या शतकांपासून. देश ‘हेरेड’ नावाच्या लहान विभागांत वाटलेला होता. प्रत्येक हेरेडची आपली सभा, ‘हेरेडस्टिंग’. तिच्यावर प्रांताची सभा, ‘लांडस्टिंग’. जटलंडची लांडस्टिंग व्हिबोर्ग येथे, शेलंडची रिंगस्टेड येथे, स्कोनेची लुंड येथे भरे. सभा उघड्यावर भरे. मध्यभागी चौकोनात मांडलेल्या चार ओंडक्यांवर किंवा दगडांवर साक्षीदार बसत, आणि ‘चार ओंडक्यांच्या आत’ म्हणजे न्यायसभेपुढे, असा वाक्प्रचार त्यावरून पडला. आठ साक्षीदारांना ‘स्टोकेमेंड’, म्हणजे ओंडक्यावरची माणसे, हेच नाव होते. सभेला येणाऱ्याजाणाऱ्याला विशेष संरक्षण असे. त्या संरक्षणाचा भंग हा साध्या मारहाणीहून गंभीर गुन्हा मानला जाई. फाल्स्टर बेटावरील ‘टिंगस्टेड’ या गावाच्या नावात अशी एक सभास्थाने आजही उभी आहे.

तेराव्या शतकात प्रांतोप्रांतीचे कायदे लिहिले गेले. दुसऱ्या वाल्देमार राजाने मार्च १२४१ मध्ये व्होर्डिंगबोर्ग येथे जारी केलेला ‘यूस्के लोव्ह’ हा जटलंडचा कायदा त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. या कायद्यांत ‘टिंग’ सतत भेटते. कारण कोणतीही कायदेशीर गोष्ट सभेत केल्याशिवाय झाली, असे मानलेच जात नव्हते. राजालाही सभेचा स्वीकार लागे. व्हिबोर्गच्या लांडस्टिंगमध्ये राजांचा जयघोष करण्याची जुनी रीत होती, आणि १५२३ मध्ये दुसऱ्या क्रिस्तियानविरुद्ध उठलेल्या जटलंडच्या सरदारांनी पहिल्या फ्रेडरिकला राजा म्हणून तेथेच पुढे आणले.

जमिनीच्या व्यवहाराची रीत या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. विकणारा आपल्या शेतातील मूठभर माती आणून घेणाऱ्याच्या पदरात, म्हणजे मांडीवर पसरलेल्या वस्त्रात, सर्वांदेखत टाकी. मांडीला डॅनिशमध्ये ‘स्कोड’ म्हणतात. त्यावरून जमिनीच्या खरेदीखताला ‘स्कोडे’ हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे. लुंडचा आर्चबिशप आंद्रेआस सुनेसन याने तेराव्या शतकाच्या आरंभी स्कोनेच्या कायद्याचे जे लॅटिन विवरण केले, त्यात या विधीचे वर्णन येते. माती ही वस्तू खरी. पण ती कोणाची, हे सभेने पाहिल्यावाचून ठरत नव्हते. जे घडले त्याचा लेखी, मोहरबंद दाखला सभा देई. त्याचे नाव ‘टिंग्सव्हिडने’, सभेची साक्ष.

महाराष्ट्राच्या इतिहासाचे अभ्यासक येथे थबकतील. मराठेशाहीतील गोतसभेत वतनाचा वाद तुटला, की हजर असलेल्यांच्या नावानिशीवार निकालपत्र होई; पाटील आपली नांगराची निशाणी करी. त्या पत्राचे नाव ‘महजर’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘हजर असणे, हजेरीची जागा’. त्यावरून जमलेली मंडळी. आणि त्यावरून त्या मंडळींनी दिलेला कागद. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात अशा सभांचे व महजरांचे सविस्तर विवेचन आहे. डॅनिश आणि मराठी संस्थांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पण लेखनापेक्षा हजेरीला अधिक प्रमाण मानणारे समाज शब्दांना सारखीच वळणे देतात, इतके यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सभेचे नाव वस्तूला कसे मिळाले? केंटच्या राजांच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात ‘थिंग’ हा शब्द निःसंशय सभेच्या अर्थी येतो. लाँगोबार्डांचा राजा रोथारी याच्या ६४३ च्या लॅटिन कायद्यात ‘थिंक्स’ म्हणजे मुक्त माणसांच्या समक्ष केलेले दान. येथे शब्द सभेवरून सभेत होणाऱ्या कृतीवर सरकला आहे. ओल्ड इंग्लिशमध्ये ‘थिंगिअन’ हे क्रियापद ‘बाजू मांडणे, रदबदली करणे, तडजोड घडवणे’ या अर्थी येते. डॅनिश ‘टिंगे’ म्हणजे घासाघीस करणे. लो जर्मनमधून आलेल्या ‘बेटिंगे’चा अर्थ अट घालणे, आणि त्यावरून ‘बेटिंगेल्से’ म्हणजे अट. या सर्व शब्दांत नुसती चर्चा नाही. दोन पक्ष आहेत, आणि त्यांच्यात काही तोडावयाचे आहे.

याहून निर्णायक पुरावा एका सामान्य वाटणाऱ्या वाक्प्रचारात आहे. ओल्ड इंग्लिशमध्ये ‘माझ्यासाठी, माझ्याकरिता’ हे सांगताना ‘थिंग’चे विभक्तिरूप वापरता येई. पुढे इंग्रजीने त्या जागी ‘सेक’ हा शब्द घेतला. तो ‘साकु’ म्हणजे तंटा, खटला या शब्दापासून आला आहे, आणि त्याचे सगोत्र डॅनिश रूप ‘साग’ आजही ‘खटला’ व ‘बाब’ या दोन्ही अर्थांनी चालते. लॅटिनमध्ये ‘काउसा’ म्हणजे खटला. त्याचे पंचमीरूप ‘च्यासाठी’ या अर्थी येते. आणि त्याच ‘काउसा’पासून फ्रेंच ‘शोज’, इटालियन ‘कोसा’, म्हणजे साधी वस्तू, हे शब्द आले. लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू आणि दावाही; ‘रेउस’ म्हणजे आरोपी. तीन वेगवेगळ्या शब्दांनी एकच मार्ग आक्रमिला : खटला, मग ज्याच्यावरून खटला ती बाब, मग कोणतीही बाब, आणि शेवटी हाताने उचलता येईल अशी वस्तू. ‘काउसा’ आणि ‘साकु’ यांच्या आरंभी सभा हा अर्थ कधीच नव्हता. तरीही ती ‘थिंग’च्याच ठिकाणी पोचली. तेव्हा या प्रवासाला गती दिली ती सभेने नव्हे, वादाने, असे म्हणावे लागते. ज्याच्यावर दोघे हक्क सांगतात त्याचे वेगळेपण प्रथम ठळक होते. भाषेला ‘वस्तू’साठी सामान्य नाव हवे झाले, तेव्हा तिने ते न्यायसभेच्या आवारातून उचलले. ओल्ड नॉर्समध्ये हा शब्द अनेकवचनी ‘चीजवस्तू’, त्यातही मौल्यवान चीजवस्तू, अशा अर्थी येतो, ही गोष्ट याच्याशी जुळणारी आहे. भांडण होते ते मौल्यवान वस्तूंवरून.

पुढे अर्थविस्तार इतका झाला, की शब्द जवळजवळ रिकामा झाला. डॅनिश ‘इंगेनटिंग’ म्हणजे काहीच नाही. ‘आल्टिंग’ म्हणजे सर्व काही. गंमत अशी की, आइसलँडच्या इ. स. ९३० च्या सुमारास स्थापन झालेल्या राष्ट्रसभेचे नावही घटकदृष्ट्या हेच आहे : ‘आल्थिंगी’, सर्वांची सभा. एका ठिकाणी ‘सर्व’ हे विशेषण माणसांना लागले, दुसऱ्या ठिकाणी वस्तूंना. लिंगभेदाचा उपयोग डॅनिशला झाला असेल तो अशाच जागी. एक शब्द अर्थाने रिकामा होत असताना दुसऱ्याची प्रतिष्ठा राखावयाची, तर दोघांना निराळे कपडे चढवणे सोयीचे होते. स्वीडिशने दोन्ही अर्थ नपुंसकलिंगातच ठेवले आणि जर्मन ‘डिंग’ही तसाच राहिला, म्हणजे हा भेद अपरिहार्य नव्हता.

या व्युत्पत्तीने विसाव्या शतकात एक निराळाच प्रवास केला. मार्टिन हायडेगर याने ‘वस्तू’ या विषयावरील १९५० च्या व्याख्यानात जुन्या जर्मन ‘थिंग’चा आधार घेतला, आणि वस्तूचे वस्तुत्व एकत्र जमवण्यात आहे, असे प्रतिपादन केले. सभेचे नाव वस्तूला मिळाले हे त्याने बरोबर सांगितले. वादविषय हा अर्थही त्याला ठाऊक होता. पण तत्त्वज्ञानाच्या पातळीवर त्याने जमणे तेवढे ठेवले आणि भांडणे वगळले. शब्दाचा जुना अर्थ हाच खरा अर्थ, हे गृहीतक भाषेच्या इतिहासाला मानवत नाही. पण ते मान्य केले, तरी इतिहासाच्या साक्षीने ‘थिंग’ला एकोप्याचे प्रतीक करता येणार नाही. ओंडक्यांच्या त्या चौकोनात लोक एकोपा साजरा करावयास जमत नसत.

मराठीतील ‘गोष्ट’ शब्दाशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘गोष्ठ’ म्हणजे गाई जेथे उभ्या राहतात ती जागा; पूर्वी गोठा असलेल्या भूमीसाठी पाणिनीने ‘गौष्ठीन’ शब्दाची सिद्धी सांगितली आहे. त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे जमलेली मंडळी. भट्टिप्रोलूच्या ख्रिस्तपूर्व काळातील लेखांत ‘गोठी’ ही दान देणारी मंडळी आहे, आणि वात्स्यायनाच्या नागरकाच्या दिनक्रमात ती रसिकांची बैठक आहे. जमलेल्या मंडळींवरून त्यांचे बोलणे. ज्ञानेश्वरीतील ‘गोठी’ ती हीच, आणि ‘कानगोष्टी’त ती अजून जिवंत आहे. बोलण्यावरून कथा, आणि बोलण्याच्या विषयावरून बाब : ‘ती गोष्ट निराळी’; अखेरीस ‘बाजारातून चार गोष्टी आणावयाच्या’ इथपर्यंत. आरंभ आणि शेवट ‘टिंग’सारखाच, सभा आणि वस्तू. पण मधला थांबा निराळा आहे. ‘टिंग’ न्यायसभेतून गेला, ‘गोष्ट’ संभाषणातून गेली. म्हणून मराठी शब्दाला कथेचा अर्थ लाभला आणि डॅनिश शब्दाला तो कधीच लाभला नाही. उलट डॅनिश शब्दाच्या कुळात अट, घासाघीस आणि नोंदणी आली. दोन टोके सारखी असली म्हणजे वाट सारखी होती, असे ठरत नाही.

संस्था म्हणून ‘टिंग’ची पुढची कथा ऱ्हासाची आणि पुनरुज्जीवनाची आहे, आणि तीत नावाने इतिहासकारांना बऱ्याचदा चकवले आहे. सोळाव्या शतकापर्यंत सभेचे राजकीय सामर्थ्य ओसरले होते. न्यायालय म्हणून तिचे महत्त्व मात्र होते. १५७६ च्या कालुंडबोर्गच्या राजाज्ञेने असे ठरवले की, हेरेडस्टिंगने चेटकाच्या आरोपावरून दिलेली देहान्ताची शिक्षा लांडस्टिंगने प्रकरण तपासल्याशिवाय अमलात आणू नये. गावच्या सभेत शेजाऱ्यांचा संशय हाच पुरावा होता. व्हिबोर्गच्या सभेत आरोपी स्त्री अनोळखी माणसांपुढे उभी राही, आणि तेथून कित्येकजणी सुटल्या. ओळखीच्या माणसांची हजेरी हे न्यायाचे प्रमाण मानणाऱ्या जुन्या व्यवस्थेची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

१६६० मध्ये डेन्मार्कात वंशपरंपरागत राजसत्ता आणि लगोलग अनियंत्रित राजेशाही आली. १६६१ मध्ये सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. पाचव्या क्रिस्तियानच्या १६८३ च्या ‘डान्स्के लोव्ह’ने प्रांतिक कायदे संपवले. ‘टिंग’ हे आता राजाच्या न्यायव्यवस्थेतील खालच्या पायरीचे नाव होते. १८०५ मध्ये लांडस्टिंगही बंद झाली आणि तिच्या जागी नवी वरिष्ठ न्यायालये आली. पाच वर्षांपूर्वी, १८०० मध्ये, आइसलँडची आल्थिंगीही बरखास्त झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘टिंग’ हा बव्हंशी कचेरीतला शब्द होऊन बसला होता.

मग ५ जून १८४९ च्या संविधानाने ‘रिग्सडाग’ निर्माण केली आणि तिच्या दोन सभागृहांना ‘फोल्केटिंग’ व ‘लांडस्टिंग’ ही नावे दिली. राष्ट्रीय जागृतीच्या त्या काळात प्राचीन नॉर्डिक स्वातंत्र्याचा वारसा सांगणारे शब्द हवेच होते. परंतु व्हिबोर्गची लांडस्टिंग आणि कोपनहेगनमधील लांडस्टिंग यांत नावापलीकडे काही समान नव्हते. जुनी लांडस्टिंग प्रांताच्या मुक्त माणसांची; नवी वरच्या वर्गाची. १८६६ च्या सुधारित संविधानाने तर तिला बड्या जमीनदारांचा बालेकिल्ला केले. ६६ पैकी १२ सभासद राजनियुक्त असत. १८७५ ते १८९४ या काळात पंतप्रधान एस्ट्रुप याने फोल्केटिंगमधील बहुमताविरुद्ध, लांडस्टिंगच्या आधाराने, तात्पुरत्या कायद्यांनी कारभार रेटला. फोल्केटिंगच्या बहुमताला न जुमानता मंत्रिमंडळ नेमण्याची रीत १९०१ मध्ये मोडली. ज्या नावात शेतकऱ्यांच्या उघड्यावरील सभेची स्मृती होती, ते नाव पाऊण शतकाच्या आत शेतकऱ्यांच्या पक्षाची अडवणूक करणाऱ्या सभागृहाचे झाले, हे या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत कडवट पान होय. १९१५ च्या संविधानाने स्त्रियांना मताधिकार दिला आणि विशेष मताधिकार रद्द केला. १९५३ च्या संविधानाने लांडस्टिंगच नाहीशी केली. तेव्हापासून फोल्केटिंग एकटी आहे. तिच्या १७९ सभासदांपैकी दोन फेरो बेटांतून आणि दोन ग्रीनलंडमधून येतात. ‘लांडस्टिंग’ हे नाव पुढे १९७९ मध्ये ग्रीनलंडच्या स्वशासित सभेला डॅनिशमध्ये मिळाले. त्या सभेचे ‘इनात्सिसार्तुत’ हे ग्रीनलंडिक नावच २००९ पासून अधिकृतपणे चालते.

ज्या शब्दात जुन्या ‘टिंग’चे काम सर्वाधिक टिकले, तो संसदेतला नाही, जमीनजुमल्याच्या व्यवहारातला आहे. घर विकत घेतले वा गहाण ठेवले, की डेन्मार्कात त्याचे ‘टिंगल्युसनिंग’ करावे लागते. ‘ल्युसे’ म्हणजे जाहीर करणे. ‘टिंगल्युसनिंग’ म्हणजे सभेत वाचून दाखवणे. पदरात माती टाकण्याची रीत गेली, तरी खरेदीखत न्यायसभेत मोठ्याने वाचले जाई आणि ‘टिंगबोग’ या सभेच्या वहीत त्याची नोंद होई. हक्काला बळ येई ते या वाचण्याने; ज्याला हरकत घ्यावयाची त्याने तेथे उभे राहून घ्यावी. १९२६ च्या कायद्याने नोंदणीला आधुनिक रूप दिले. ८ सप्टेंबर २००९ पासून जमिनीची नोंदणी संगणकावर गेली, आणि देशभरातील नोंदणीचे काम उत्तर जटलंडमधील होब्रो येथील एकाच न्यायालयाकडे आले. त्याचे नाव ‘टिंगल्युसनिंग्स्रेटेन’. तेथे कोणी काही वाचून दाखवीत नाही आणि कोणी ऐकावयास जमत नाही. पण ज्या घराचे ‘टिंगल्युसनिंग’ झालेले नाही, त्यावरील हक्क तिसऱ्या माणसाविरुद्ध डेन्मार्कच्या न्यायालयात आजही टिकत नाही.